कंडेन्सर, ब्रेक आणि दसऱ्याची धुणी

भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेतात आणि घटस्थापनेपर्यंत देवी घोर निद्रेत असते. नेमके हेच दिवस धाराशिव जिल्ह्यात घरोघरी सगळ्यांत कष्टाचे. या दिवसांत ‘दसरा काढायचा’ असतो. माळ्यावरचे डबे खाली येतात, भिंती सारवल्या किंवा रंगवल्या जातात आणि घरात कापूस-कापड म्हणून जे काही आहे ते पाण्यातून काढायचे असते. वाकळा, गोधड्या, सतरंज्या, चादरी, पडदे, वर्षभर पेटीत पडून राहिलेली लुगडीसुद्धा. गाठोडी बैलगाडीत, पुढे ट्रॅक्टरमध्ये आणि आता टेम्पोत भरून तेरणेला, बोरीला, तलावावर नाहीतर शेतातल्या विहिरीवर न्यायची, दगडावर आपटायची, बडवायची आणि दिसेल त्या खडकावर, बांधावर, बोरीबाभळीच्या झुडपांवर पसरायची. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. तिला दोघी-तिघी लागतात.

वाळायचा प्रश्न मात्र इथे फारसा कधी नव्हताच. पावसाची सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तीही चार महिन्यांत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारच्या हवेत ओलावा जवळजवळ उरत नाही. सुती साडी वलणीवर टाकली की तासाभरात कडक होते. अशा मुलखात कपडे वाळवण्याच्या यंत्राला काय काम, असे कोणालाही वाटेल. तरीही जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांच्या गावी, बसस्थानकाच्या नाहीतर बाजारपेठेच्या आसपास, ड्रायर दुरुस्त करणारा माणूस सापडतो. हा धंदा कपड्याच्या व्यवसायातून आलेला नाही. त्याची मुळे आहेत विहिरीवरच्या मोटारीत, आणि यंत्राचे मूळ तत्त्व जिल्ह्याने पहिल्यांदा पाहिले ते साखर कारखान्यात.

कापडाशी या भूमीचे नाते फार जुने. आजचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि इतर वस्त्रे गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जात असल्याची नोंद आहे. पुढच्या काळात गावगाड्यात कपडे धुण्याचे काम परिटाकडे आले. बारा बलुतेदारांपैकी तो एक. सुगीला खळ्यावर धान्याचे बलुते घ्यायचे आणि वर्षभर गावाचे धुणे सांभाळायचे, असा हा व्यवहार. मळकट कपडे खाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवायचे, नदीवर आपटून धुवायचे, नीळ आणि खळ द्यायची आणि वाळूवर किंवा दोरीवर वाळवायचे, ही त्याची रीत. लग्नकार्यातही परिटाचा मान ठरलेला होता.

रोजचे धुणे मात्र घरच्या बाईच्या वाट्याचे. त्यात सगळ्यांत अवघड पिळणे. नऊवारी लुगडे म्हणजे जवळपास आठ मीटर सुती कापड. ते पिळायला एका टोकाला एक बाई, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि दोघींनी विरुद्ध दिशांना पीळ भरायचा. एकटी असेल तर ती एक टोक खुंटीला अडकवून पिळायची. वाड्यांतून आढ्याला दोरांनी टांगलेली दांडी असे आणि सोवळ्याची वस्त्रे तिच्यावर काठीने सरकवली जात, म्हणजे हात लागायला नको. माळवदाच्या घरात धुणे वर माळवदावर पसरत. मनगटे, खांदे आणि पाठ यांची वर्षानुवर्षे झीज करणाऱ्या या कामाची नोंद कुठल्याही गॅझेटिअरमध्ये नीटपणे सापडत नाही. ड्रायरचे महत्त्व समजून घ्यायचे तर आधी हा पीळ ध्यानात घ्यायला हवा, कारण धाराशिवमध्ये ड्रायर आला तो उन्हाची जागा घ्यायला नव्हे, तर पिळणाऱ्या हातांची जागा घ्यायला.

युरोप-अमेरिकेतला घरगुती ड्रायर वेगळा. 1800 च्या सुमारास पोशों नावाच्या फ्रेंच माणसाने हाताने फिरवायचा, भोके पाडलेला पिंप विस्तवावर धरून कपडे सुकवण्याची युक्ती काढली. 1938 मध्ये अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीने गरम हवेचा विजेचा ड्रायर बाजारात आणला. जिथे सहा महिने बर्फ पडते तिथली ही गरज. आपल्याकडे ‘ड्रायर’ म्हणतात तो कपडे धुण्याच्या अर्धस्वयंचलित यंत्राचा दुसरा, लहान टब. त्यात उष्णता नसते. भोकांचे पिंप मिनिटाला सुमारे 1350 फेरे घेते आणि पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते. पिंपाची त्रिज्या बारा सेंटिमीटर धरली तर त्या वेगाला कपड्यातल्या पाण्यावर पडणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 240 पट भरतो. दोन बायकांनी मिळून घातलेल्या पिळापेक्षा तो कितीतरी जास्त. उरलेला ओलावा ऊन घेऊन जाते.

हेच तत्त्व कापडगिरण्यांसाठी 1830 च्या दशकात फ्रान्समध्ये पेन्झोल्ट याने वापरले होते आणि तिथून ते साखर उद्योगाने उचलले. डेव्हिड वेस्टन याने 1852 मध्ये हवाई बेटांवर साखरेसाठी सुधारलेले केंद्रोत्सारी यंत्र बनवले. रस आटवून झालेला दाट मॅसेक्विट जाळीच्या पिंपात घालायचा, पिंप वेगाने फिरवायचे, मळी जाळीतून बाहेर आणि साखरेचे दाणे आत. ढोकीचा तेरणा, नळदुर्गजवळचा तुळजाभवानी, मुरूमचा विठ्ठलसाई अशा कारखान्यांत पाळीवर उभे राहिलेल्या कामगारांनी हे पिंप, त्याचे बेअरिंग, त्याचा ब्रेक आणि भार एका बाजूला गेल्यावर होणारी त्याची थरथर जवळून पाहिली. घरात ड्रायर ठोकायला लागतो तेव्हा नेमके तेच घडत असते. सगळे कपडे एका कडेला गोळा होतात आणि पिंपाचा तोल जातो. बंद करून कपडे सारखे पसरले आणि वर दाबाची प्लास्टिकची चकती बसवली की बहुतेक वेळा आवाज थांबतो.

कपडे धुण्याचे यंत्र मराठवाड्यात पोहोचवण्यातही साखरेचा एक धागा आहे. गंगापूरचा साखर कारखाना उभारणारे नंदलाल माधवलाल धूत यांच्या कुटुंबाने पुढे व्हिडिओकॉन हा उद्योग काढला. पैठण रस्त्यावरच्या चितेगावला त्याचा कारखाना होता. 1980 च्या दशकाच्या अखेरीस या नावाची यंत्रे दूरदर्शनच्या जाहिरातींतून घराघरांत ओळखीची झाली. जपानमध्ये सान्योने 1960 मध्ये आणलेला दोन टबांचा नमुना भारतात टिकला तो व्यवहारी कारणांनी. किंमत कमी, नळाला अखंड पाणी लागत नाही, बादलीने भरता येते आणि साबणाचे एकच पाणी आधी पांढऱ्या, मग रंगीत आणि शेवटी शेतात घालायच्या कपड्यांना वापरता येते. टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या घरात ही शेवटची सोय सगळ्यांत मोठी. 2015-16 च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. धाराशिवची स्थिती फार निराळी नव्हती.

त्याआधी, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या त्या भयंकर रात्री, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातली गावे जमीनदोस्त केली. सास्तूर, होळी, राजेगाव ही नावे आजही लोहारा-उमरगा भागात हळू आवाजात घेतली जातात. दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे माणसांवर कोसळली. सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. पुनर्वसनात गावे नव्या जागी, रुंद रस्त्यांची, सिमेंटच्या घरांची झाली. नदीचा जुना घाट काही गावांना लांब पडला, माळवदे गेली आणि घरात किंवा अंगणात न्हाणी, नळ, विजेचा जोड आला. मोठ्या दुःखातून उभ्या राहिलेल्या या घरांत धुण्याची जागाही नदीवरून न्हाणीत आली. यंत्र ठेवायला कोपरा मिळाला तो असा.

यंत्र आले, पण ते बिघडल्यावर उघडणारा माणूस कुठला? इथे विहिरीची गोष्ट सुरू होते.

1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात विहिरी खोदण्याचा, पुढे विंधनविहिरी घेण्याचा वेग वाढला. मोट गेली, ऑइल इंजिन आले आणि वीज पोहोचेल तशी मोटार आली. विजेचा दाब कमी-जास्त होई, तीनपैकी एक फेज जाई आणि मोटार जळे. शेतकऱ्याच्या तोंडी रुळलेली भाषा अशी : मोटार जळाली, भरायला टाकली. जळालेली तार छिन्नीने कापून काढायची, प्रत्येक खाचेतले वेढे मोजायचे, तारेचे गेज पाहायचे, वहीत लिहून ठेवायचे, खाचांत नवा कागद घालून तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या बसवायच्या, दोऱ्याने बांधायच्या आणि वर वार्निश ओतायचे. या वहीची किंमत फार मोठी असते. कोणत्या मोटारीला किती वेढे, हे त्यात असते आणि ती उस्तादाकडून शिष्याकडे जाते. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री आणि तारतंत्री होऊन आलेल्या पोरांनीही हात बसवला तो अशाच दुकानांत, उन्हाळ्यात रांगेत पडलेल्या पाणबुडी मोटारी भरताना.

दुसरा धडा दिला भारनियमनाने. 2005 नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात वीज तासन्‌तास जाई. शेतीची तीन फेजची वीज ठरावीक वेळेलाच, एरवी गावाला दिव्यापुरती एक फेज. उभे पीक डोळ्यांदेखत वाळत असताना शेतकरी थांबत नसे. कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार एका फेजवर ओढण्याचे प्रयोग गावोगाव झाले. त्यात मोटारी जळाल्या, रोहित्रेही जळाली. महावितरणला गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे करावे लागले, त्यामागे हेही एक कारण होते. पण कंडेन्सर नेमके काय करतो, कमी पडला तर मोटार का गुणगुणते आणि हलत का नाही, हे खेड्यातल्या कारागिराला यातूनच कळले. मग तेच हात उन्हाळ्यात कूलरच्या मोटारीकडे वळले. ड्रायरची मोटारही त्याच जातीची, एक फेजची, कंडेन्सरवर चालणारी. फक्त ती उभी बसवलेली असते आणि तिच्या डोक्यावर पाण्याचे पिंप असते.

म्हणून इथला जाणता कारागीर ड्रायरकडे पाहतो तो विहिरीवरच्या मोटारीच्या डोळ्याने. पहिला प्रश्न असतो आवाजाचा. झाकण लावले, टायमर फिरवला आणि काहीच आवाज नाही, म्हणजे वीज मोटारीपर्यंत पोहोचत नाही. मग झाकणाखालचा स्विच पाहायचा. झाकण उघडताच वीज तोडणारा हा छोटा स्विच साबणाच्या वाफेने गंजतो किंवा त्याची पत्ती वाकते. तो ठीक असेल तर पाच मिनिटांचा टायमर, मग वायर. सोयाबीनची पोती घरात लागली की उंदीर येतात आणि यंत्राच्या उघड्या तळातून आत शिरून वायरी कुरतडतात. असे यंत्र उलटे केले तर तळाशी चिंध्यांचे घरटेसुद्धा सापडते. तळाला जाळी बसवणे हा त्यावरचा साधा आणि पक्का इलाज. सिरीजच्या बल्बने एकेक वायर तपासत गेले की तुटलेली जागा सापडते.

गुणगुण आहे पण पिंप फिरत नाही, ही दुसरी आणि सगळ्यांत जास्त दिसणारी तक्रार. प्लग काढायचा, झाकण लावायचे आणि खालून मोटारीची चाकी हाताने फिरवून पाहायची. जड लागली तर ब्रेक. झाकण लावले की एक तार ब्रेकचा गट्टू ओढून चाकीपासून दूर करते. ही तार सैल पडली किंवा तुटली तर ब्रेक लागलेलाच राहतो आणि मोटार त्याच्याशी झगडत तापते. उलट गट्टू झिजला तर झाकण उघडल्यावरही पिंप फिरत राहते. याकडे दुर्लक्ष करू नये. फिरत्या पिंपात हात घातल्याने बोटे मोडतात. चाकी हलकी फिरत असेल तर संशय कंडेन्सरवर. ड्रायरचा कंडेन्सर बहुधा पाच-सहा मायक्रोफॅरडचा असतो, धुण्याच्या मोटारीचा दहाच्या आसपास. वयाप्रमाणे त्याची क्षमता घटते. बदलायला सोपा आणि स्वस्त, पण प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहू शकतो, तेव्हा तो रिकामा केल्याशिवाय हात लावायचा नाही. घरच्या माणसाने इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे.

तिसरा संशयित यंत्राबाहेरचा असतो. मोटारीचा जोर विजेच्या दाबाच्या वर्गाप्रमाणे घटतो. 230 व्होल्टऐवजी घरात 160 येत असतील तर जोर निम्म्याहूनही कमी उरतो. संध्याकाळी न फिरणारा ड्रायर पहाटे सुरळीत चालत असेल तर कंडेन्सर बदलून पैसे घालवण्यात अर्थ नाही. शेतातली मोटार कधी ओढते आणि कधी नाही हे जन्मभर पाहिलेल्या कारागिराला हे सांगावे लागत नाही. शहरातून नव्याने आलेल्या तंत्रज्ञाला कधी कधी सांगावे लागते.

आणि एक बिघाड तर खास पाणीटंचाईचा. टंचाईत धुण्याचे पाणी गटारात सोडायला जीव होत नाही. मग निचऱ्याची नळी उचलून बादलीच्या काठावर ठेवतात, म्हणजे ते पाणी संडासाला वापरता येईल. पण या यंत्रांतून पाणी निव्वळ उताराने जाते. नळी वर गेली की पाणी बाहेरच्या टबात साचते, पिंप पाण्यात घासत फिरते आणि मोटार तापते. उपाय म्हणजे यंत्रच विटांच्या ओट्यावर चढवणे आणि बादली खाली ठेवणे. आंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्याचाही असा हिशेब ठेवणाऱ्या घरांनी ही युक्ती आपली आपण शोधून काढलेली आहे.

मोटार खरी मरते ती पाण्याने. पिंपाच्या दांड्याभोवती रबराची घडीदार सील असते. तिला कारागीर ‘बेलो’ म्हणतात. बेसाल्टच्या खडकातून येणारे विंधनविहिरीचे जड पाणी तिच्यावर क्षारांचा थर चढवते. रबर कडक होते, चिरते आणि थेंब थेंब पाणी दांड्यावरून खाली मोटारीच्या बेअरिंगवर पडते. आधी खरखर, मग गंज, मग मोटार जाम आणि शेवटी जळका वास. अशी मोटार दुकानात आली की आधी सील बदलली का, हे विचारणारा कारागीर प्रामाणिक समजावा. नुसती मोटार भरून दिली तर काही महिन्यांत ती परत येते. अलीकडच्या स्वस्त मोटारींत ॲल्युमिनियमची तार असते. ती काढून तांबे भरले तर खर्च वाढतो, पण मोटार टिकते. वार्निश लावलेली गुंडाळी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय वीज द्यायची नसते. मोठ्या शहरात त्यासाठी भट्टी असते, इथे ती दुकानाच्या पत्र्यावर उन्हात ठेवतात, पावसाळ्यात पेटत्या बल्बखाली.

2018 मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. कंपनी अडचणीत आली तरी घरात चालू असलेली यंत्रे काही लगेच भंगारात गेली नाहीत. त्यांना लागणारे टायमर, सील, ब्रेकच्या तारा, कंडेन्सर हे सोलापूर-लातूरच्या घाऊक दुकानांतून, कुठल्याही यंत्राला चालतील अशा मापांत मिळत राहिले आणि जुनी यंत्रे फिरत राहिली. दोन टबांच्या यंत्राची ही मोठी ताकद. त्यातला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि पान्याने निघतो. 2022 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. घरगुती उपकरणांच्या कंपन्यांनी सुटे भाग आणि माहितीपुस्तिका ग्राहकाला उघडपणे द्याव्यात, ही त्यामागची भूमिका. वेढ्यांची वही जपणाऱ्या दुकानांना हा हक्क फार आधीच समजला होता आणि कुणी देण्याची वाट न पाहता त्यांनी तो वापरलाही.

आता पूर्ण स्वयंचलित यंत्रे तालुक्याच्या गावांतही दिसतात. त्यांची मोटार बहुधा वाइंडिंगच्या दुकानात येत नाही, येते ते इलेक्ट्रॉनिक कार्ड. वीज चमकली, दाब एकदम वाढला की पहिला बळी त्याचा जातो. नव्या कार्डाची किंमत ऐकून घरचा माणूस गप्प होतो, कारण तेवढ्यात दोन टबांचे जुने यंत्र येऊ शकते. काही तरुण कारागीर मल्टिमीटर आणि गरम हवेची सोल्डरिंग गन घेऊन ही कार्डेच दुरुस्त करू लागले आहेत. दमटपणापासून बचाव म्हणून कंपनीने कार्डावर पारदर्शक, रबरासारखा थर ओतलेला असतो. तो नखाने, सुरीच्या टोकाने कण कण खरवडत खालच्या रिलेपर्यंत पोहोचायला अर्धा दिवस जातो आणि मग कळते की रिले ठीक आहे, जळाला आहे तो शेजारचा रोध.